विश्लेषण : आंबा पोहोचला, कागद अडला! हवाई मालवाहतुकीत वेळ, इंधन आणि विश्वास कुठे वाया जातो?

मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्यांच्या सुमारे १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर नाकारण्यात आल्या. फळे सडली होती किंवा त्यांत कीड सापडली, असे कारण नव्हते. आंब्यावर झालेल्या विकिरण प्रक्रियेची नोंद असलेल्या एका अर्जात त्रुटी असल्याचे अमेरिकी यंत्रणेचे म्हणणे होते. माल परत न्या किंवा येथेच नष्ट करा, असे दोन पर्याय निर्यातदारांपुढे ठेवण्यात आले. नाशवंत माल पुन्हा विमानाने मायदेशी आणणे परवडणारे नव्हते. त्यामुळे आंबा तिथेच नष्ट करण्यात आला. निर्यातदारांच्या अंदाजानुसार नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचे होते. हवाई मालवाहतूक उद्योग सध्या शाश्वतता, सुशासन आणि उत्पादकता या तीन शब्दांभोवती फिरत आहे. हे तिन्ही विषय अहवालांत स्वतंत्र प्रकरणांत मांडले जातात. आंब्याच्या पेटीच्या बाबतीत मात्र ते एकाच कागदावर येऊन अडले. असे का होते, याचा हा आढावा.

आंब्याच्या पेटीबरोबर एवढे कागद का?

भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ सुमारे १८ वर्षांच्या खंडानंतर २००७ मध्ये पुन्हा खुली झाली. त्यासाठी मुख्य अट विकिरणाची होती. फळमाशी आणि कोयीतील किडे अमेरिकेत शिरू नयेत म्हणून आंब्याला किमान ४०० ग्रे इतकी विकिरणाची मात्रा द्यावी लागते. महाराष्ट्रात लासलगाव येथील ‘कृषक’ केंद्र आणि वाशी येथील राज्य कृषी पणन मंडळाचे केंद्र त्यासाठी वापरले जाते. हंगामात अमेरिकी कृषी विभागाचा निरीक्षक भारतात येतो आणि त्याच्या देखरेखीखाली ही प्रक्रिया होते. त्यानंतर ‘पीपीक्यू २०३’ हा अर्ज दिला जातो आणि तो असेल तरच माल विमानात चढतो. वादग्रस्त ठरलेल्या खेपांवरील प्रक्रिया ८ आणि ९ मे रोजी झाली होती. अर्ज हातात होता म्हणूनच माल मुंबईतून निघाला. तो सदोष असल्याचे मात्र सुमारे १३ हजार किलोमीटर अंतर कापल्यानंतर ठरले. हीच तपासणी विमान सुटण्यापूर्वी झाली असती, तर पेट्या वाशीलाच थांबल्या असत्या आणि चूक दुरुस्त करायला वाव राहिला असता.

हवाई मालवाहतुकीचे महत्त्व किती आणि पर्यावरणीय किंमत किती?

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना म्हणजे ‘आयाटा’च्या माहितीनुसार जगातील व्यापाराच्या आकारमानापैकी एक टक्क्याहूनही कमी माल विमानाने जातो. मूल्याच्या हिशोबाने मात्र हा वाटा सुमारे ३५ टक्के आहे. औषधे, लसी, मोबाइल, चिप, यंत्रांचे तातडीचे सुटे भाग, फुले, मासे, फळे असा हा माल. त्यातील साधारण निम्मा माल स्वतंत्र मालवाहू विमानांतून नव्हे, तर प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. प्रवासी वर सीटवर आणि खाली आंब्याच्या पेट्या, असा हा मामला असतो.

वेगाची किंमत मात्र मोठी आहे. मोठ्या मालवाहू जहाजातून एक टन माल एक किलोमीटर नेताना कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन साधारण दहा ते काही दहा ग्रॅम होते. लांब पल्ल्याच्या विमानात तेच ५०० ग्रॅमच्या घरात जाते. मुंबई ते अमेरिकेचा पश्चिम किनारा हे अंतर १३ हजार किलोमीटर धरले, तर एक किलो आंब्यामागे सहा किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हिशोबाची पद्धत बदलली की हा आकडा थोडा खाली-वर होतो, पण वजनाच्या कित्येक पट उत्सर्जन होते हे कायम राहते. आंबा नष्ट झाला म्हणून हे उत्सर्जन परत येत नाही. फेकून दिलेल्या मालाची वाहतूक ही म्हणूनच सर्वात प्रदूषणकारी वाहतूक ठरते. तिच्या बदल्यात कोणाच्याच हाती काही लागत नाही.

वेळ आकाशात जातो की जमिनीवर?

विमान मुंबईहून अमेरिकेला १६-१७ तासांत पोहोचू शकते. परंतु पाठवणाऱ्याच्या गोदामापासून घेणाऱ्याच्या दारापर्यंत हवाई मालाला सरासरी सहा-सात दिवस लागतात, असा या उद्योगात वर्षानुवर्षे सांगितला जाणारा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे विमान हवेत असते तो काळ एकूण प्रवासाचा लहानसा भाग. उरलेला वेळ ट्रकच्या रांगेत, सुरक्षा तपासणीत, पॅलेट बांधण्यात, सीमाशुल्क विभागाच्या मंजुरीत आणि कागदपत्रांच्या प्रतीक्षेत जातो. ‘आयाटा’च्या म्हणण्यानुसार एका खेपेबरोबर ३० पर्यंत वेगवेगळे कागद असू शकतात.

भारतात सीमाशुल्क विभाग दरवर्षी माल सुटण्यास लागणाऱ्या वेळेची पाहणी करतो. २०२३ च्या पाहणीत हवाई मालसंकुलांत आयात माल सुटण्यास सरासरी सुमारे ४४ तास लागत असल्याचे आढळले. उद्दिष्ट होते २४ तासांचे. या पाहण्यांतून वारंवार पुढे येणारी बाब अशी, की विलंब केवळ अधिकाऱ्याच्या टेबलावर होत नाही. आयातदाराने कागदपत्रे उशिरा दाखल करणे, शुल्क उशिरा भरणे, मंजुरी मिळाल्यावरही माल न उचलणे ही कारणेही तेवढीच मोठी आहेत. ज्यांनी विमान उतरण्याआधीच बिल ऑफ एंट्री दाखल केले, त्यांचा माल लवकर सुटतो.

जमिनीवरचा हा विलंब पैशांपुरता मर्यादित नसतो. वातानुकूलित ट्रक रांगेत उभा राहिला की त्याचे इंजिन सुरूच ठेवावे लागते. औषधांची खेप उन्हात धावपट्टीलगत पडून राहिली तर तिचे तापमान बिघडते आणि ती बाद होते. मग तीच खेप पुन्हा तयार होते आणि पुन्हा विमानाने जाते. या क्षेत्रात म्हणूनच वाचवलेला तास म्हणजे अनेकदा वाचवलेले इंधनही असते. ब्रसेल्ससारख्या विमानतळांवर ट्रकला येण्याची वेळ आधीच आरक्षित करून देणारी आणि विमान कंपनी, हाताळणी कंपनी व फ्रेट फॉरवर्डर यांना एकच माहिती दाखवणारी सामायिक यंत्रणा उभारली गेली, ती याच कारणाने.

कागद अजून का संपले नाहीत?

कायद्याची अडचण केव्हाच दूर झाली आहे. १९२९ च्या वॉर्सा करारात कागदी एअर वे-बिल गृहीत धरलेले होते. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली आणि भारतात हा करार २००९ पासून लागू आहे. १ जानेवारी २०१९ पासून ‘आयाटा’ने शक्य त्या सर्व मार्गांवर इलेक्ट्रॉनिक एअर वे-बिल हाच मूळ नियम ठरवला. त्यापुढचे पाऊल म्हणजे ‘वन रेकॉर्ड’. प्रत्येकाने दुसऱ्याला कागद पाठवण्याऐवजी खेपेची एकच डिजिटल नोंद सर्वांनी पाहावी, अशी ही कल्पना आहे. जानेवारी २०२६ पासून माहितीच्या देवाणघेवाणीसाठी याच पद्धतीला प्राधान्य देण्याचे उद्योगाने ठरवले होते.

प्रत्यक्षात डिजिटल बिलाची छापील प्रत काढून ती पेटीबरोबर देण्याची सवय अनेक ठिकाणी कायम आहे. कुठल्या तरी देशातील कुठला तरी विभाग शिक्का मारलेला कागद मागेल, ही धास्ती त्यामागे असते. शिवाय तीच माहिती निर्यातदार, एजंट, विमान कंपनी आणि हाताळणी कंपनी आपापल्या संगणकात नव्याने भरतात. प्रत्येक वेळी भरताना वजन, पत्ता किंवा संकेतांक चुकण्याची एक संधी वाढते. युरोपीय महासंघाने तर मार्च २०२३ पासून माल विमानात चढवण्यापूर्वीच त्याचे नेमके वर्णन आणि सहा अंकी वर्गीकरण क्रमांक देणे बंधनकारक केले आहे. ‘किरकोळ सामान’ असे लिहून आता भागत नाही.

विमाने निम्मी रिकामी का उडतात?

२०२४ हे हवाई मालवाहतुकीसाठी विक्रमी वर्ष होते. मागणी आदल्या वर्षीपेक्षा ११.३ टक्क्यांनी वाढली. तरीही उपलब्ध क्षमतेपैकी सरासरी सुमारे ४६ टक्केच वापरली गेली. याची कारणे तीन आहेत. पहिले, व्यापार एकतर्फी असतो. चीनमधून विमान भरून निघते, परतताना तेवढा माल नसतो. दुसरे, क्षमता वजनात मोजली जाते, पण विमान बहुतेकदा आकारमानाने आधी भरते. म्हणूनच हवाई मालाचे भाडे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. सहा हजार घन सेंटिमीटर म्हणजे एक किलो, असे हे गणित. ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरच्या खोक्यात आठ किलो माल असला, तरी भाडे २० किलोंचे पडते. उरलेली जागा थर्माकोल आणि हवा व्यापते. तिसरे कारण व्यवहाराच्या रीतीत आहे. काही फॉरवर्डर गरजेपेक्षा जास्त जागा आरक्षित करतात आणि ऐनवेळी सोडून देतात, कारण त्यासाठी दंड सहसा लागत नाही. मग विमान कंपन्या क्षमतेपेक्षा जास्त आरक्षण घेतात. परिणामी कधी जागा रिकामी जाते, तर कधी कोणाचा तरी माल मागे राहतो.

वजनाचे गणितही मोलाचे आहे. विमानात जास्तीचा एक किलो नेण्यासाठी दर तासाला त्याच्या साधारण तीन-चार टक्के इंधन जास्त लागते आणि एक किलो विमान इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे ॲल्युमिनियमऐवजी हलक्या संमिश्र साहित्याचे कंटेनर, पॅलेटवर टाकायच्या हलक्या जाळ्या, पावसापासून बचावासाठी गुंडाळल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकला पुन्हा वापरता येणारे पर्याय, असे बदल सुरू आहेत. ते बातम्यांत झळकत नाहीत. मात्र रोज, प्रत्येक उड्डाणात त्यांचा उपयोग होतो.

हरित इंधनाने प्रश्न सुटेल का?

उद्योगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा संकल्प केला. वर्षभराने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सदस्य देशांनीही तेच ध्येय स्वीकारले. त्यातील सर्वात मोठा भार वापरलेले खाद्यतेल, शेतीतील अवशेष आदींपासून बनणाऱ्या शाश्वत विमान इंधनावर म्हणजे ‘सॅफ’वर टाकलेला आहे. अडचण अशी, की २०२४ मध्ये जगात असे इंधन सुमारे १० लाख टन तयार झाले. एकूण विमान इंधनाच्या तुलनेत ते अवघे ०.३ टक्के होते. ते नेहमीच्या इंधनापेक्षा किमान दुपटीने महाग पडते. युरोपीय महासंघाने २०२५ साठी दोन टक्के आणि २०३० साठी सहा टक्के मिश्रणाची सक्ती केली आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे.

विमानेही लवकर बदलत नाहीत. अनेक मालवाहू विमाने म्हणजे प्रवासी सेवेतून निवृत्त झाल्यावर रूपांतरित केलेली जुनी विमाने असतात. नव्या उत्पादनासाठी २०२८ पासून कार्बन उत्सर्जनाची कडक मर्यादा लागू होत असून आज लोकप्रिय असलेले बोइंग ७७७ मालवाहू विमान तिच्यात बसत नाही. म्हणजे पुढील काही वर्षे उत्सर्जन कमी करण्याचा हाताशी असलेला मार्ग जमिनीवरील शिस्त हाच आहे.

यात सुशासनाचा प्रश्न कुठे येतो?

इंधनाचा खर्च कोणाकडून आणि कसा वसूल करायचा, या साध्या प्रश्नावर या उद्योगाचे हात पोळलेले आहेत. इंधन अधिभार संगनमताने ठरवल्याच्या आरोपावरून युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये ११ विमान कंपन्यांना सुमारे ८० कोटी युरोचा दंड केला. आदेशातील विसंगतीमुळे न्यायालयाने तो २०१५ मध्ये रद्द ठरवला. आयोगाने २०१७ मध्ये ७७.६ कोटी युरोचा दंड पुन्हा ठोठावला. अमेरिकेत अशाच चौकशीत आकारलेल्या दंडांची एकूण रक्कम १.८ अब्ज डॉलरहून अधिक झाली. भारतातही स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये मालवाहतुकीवरील इंधन अधिभाराच्या प्रकरणात तीन विमान कंपन्यांना सुमारे २५८ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलीय न्यायाधिकरणाने तो रद्द करून प्रकरण परत पाठवले आणि २०१८ मध्ये आयोगाने सुमारे ५४ कोटींचा नवा दंड लावला. उद्या इंधन अधिभाराच्या जागी ‘हरित अधिभार’ आला, तर त्याचा हिशोब खुला असणार की नाही, हा प्रश्न या इतिहासामुळे उभा राहतो.

सुशासनाचा दुसरा भाग थेट जिवाशी निगडित आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका बोइंग ७४७ मालवाहू विमानात आग लागली आणि ते कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. विमानात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात होत्या. धोकादायक वर्गात मोडणाऱ्या किमान तीन खेपांची तशी नोंदच नव्हती, असे तपासात आढळले. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास बंदी आहे. मालवाहू विमानातही त्या जास्तीत जास्त ३० टक्के चार्ज असाव्या लागतात. पण नियम कितीही कडक असला, तरी खोके बंद असते. त्यात काय आहे हे पाठवणारा खरे सांगतो की नाही, यावर सारे अवलंबून असते. ऑनलाइन खरेदीमुळे लहान-लहान पार्सलांचा पूर आल्यापासून हे तपासणे अधिक कठीण झाले आहे.

‘हरित’ दाव्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

आता परदेशी खरेदीदार निर्यातदाराकडे मालाच्या वाहतुकीचे उत्सर्जन किती, हेही विचारू लागले आहेत. भारतात ‘सेबी’ने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक केले आहे. पण प्रवासी विमानाच्या पोटातील पेटीच्या वाट्याला किती इंधन धरायचे? प्रवाशांचे किती आणि मालाचे किती? पद्धत बदलली की उत्तर बदलते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयएसओ १४०८३’ या मानकामुळे या हिशोबाला एक समान चौकट मिळाली.

‘सॅफ’च्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. इंधन एका विमानतळावर भरले जाते आणि त्याचे श्रेय दुसऱ्या मार्गावरील ग्राहक पैसे देऊन विकत घेतो. इंधन सर्वत्र पोहोचवण्याचा खर्च त्यामुळे टळतो, हे खरे. मात्र एकाच लिटरचे श्रेय विमान कंपनी, फॉरवर्डर आणि निर्यातदार अशा तिघांनी घेतले, तर कागदावर उत्सर्जन घटते आणि आकाशात तसेच राहते. ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये केएलएमच्या प्रवासी सेवेच्या काही ‘हरित’ जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. मालवाहतुकीलाही हा इशारा लागू पडतो.

महाराष्ट्रासाठी यातून काय?

उत्पादकता वाढली की पर्यावरण आपोआप वाचते, असेही नाही. हाताळणी वेगवान आणि स्वस्त झाली, तर आज जहाजाने जाणारा माल उद्या विमानाने जाऊ लागेल आणि एकूण उत्सर्जन वाढेल. त्यामुळे विमान किती कार्यक्षम, याआधी कोणत्या मालाला विमान लागते, हा प्रश्न विचारावा लागतो. नाशिकची द्राक्षे वातानुकूलित कंटेनरमधून जहाजानेच युरोपला जातात. आंब्याबाबतही २०२२ मध्ये महाराष्ट्रातून अमेरिकेला सागरी मार्गाने चाचणी खेप पाठवण्यात आली होती. फळ तीन-चार आठवडे टिकवण्याचे तंत्र पक्के झाले, तर उत्पादकाचा वाहतूक खर्चही मोठ्या प्रमाणात वाचेल. जीवरक्षक औषधाला मात्र विमानाशिवाय पर्याय नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाची पहिल्या टप्प्यातील मालवाहतूक क्षमता वार्षिक पाच लाख टन आहे. वाशीचे विकिरण केंद्र आणि जेएनपीए बंदर तेथून जवळ आहेत. विकिरण केंद्र, निरीक्षक, सीमाशुल्क विभाग, विमान कंपनी आणि पलीकडच्या देशातील यंत्रणा यांना खेपेची एकच नोंद उड्डाणापूर्वी दिसली, तर अर्जातील चूक वाशीतच सापडू शकते. तशी व्यवस्था नसेल, तर नव्या टर्मिनलमधूनही जुन्याच त्रुटी अधिक वेगाने निर्यात होतील. २०२५ च्या प्रकरणात अर्ज भरला दुसऱ्यांनी आणि भुर्दंड पडला निर्यातदारांवर. चुकीची जबाबदारी कोणाची, हे आधीच लेखी ठरलेले असणे ही पुढच्या हंगामातील आंब्यासाठी विमानातील जागेइतकीच निकडीची गरज आहे.